पालथी वाटी

झांस्करचा रस्ता काल उघडला. कारगिलच्या इस्पितळात मेंदूचे मोठे डॉक्टर दोनच दिवस थांबणार होते, आणि कुन्झेसच्या नवऱ्याला, नोरफेलना, पुन्हा बोलता येईल की नाही, हे त्यांच्याशिवाय सांगणार कोण? म्हणून कुन्झेसने सकाळी नेहमीप्रमाणे देव्हाऱ्यातल्या सातही वाट्या पाण्याने भरल्या, तुपाचा दिवा लावला आणि सहा महिने झोपलेल्या जिप्सी गाडीला उठवायला ती पडवीत गेली.

दरवर्षी हे काम नोरफेलचं. लोसरच्या, म्हणजे डिसेंबरातल्या नववर्षाच्या, महिनाभर आधी त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आता ते पडवीकडच्या खिडकीशी उन्हात बसून असत. गाडी चालवायला कुन्झेसला त्यांनीच नदीकाठच्या वाळूत शिकवलं होतं. पण थंडीनंतर ती उठवायची कशी, ते तिला पडवीच्या दारावर त्यांनी खडूने लिहिलेल्या चार ओळींवरूनच ठाऊक.

तिने ती कामं ओळीने केली. धूर कोंडून जीव जातो, म्हणून आधी दोन्ही दारं सताड उघडली. गाडीच्या धुराड्याच्या नळीत खुपसलेलं फडकं काढलं. तेलाची सळई पुसून पुन्हा बुडवून पाहिली. हिवाळाभर चुलीपाशी लेकरासारखी उबेत ठेवलेली बॅटरी शेजारच्या मुटुपने उचलून आणली.

मुटुप मदतीला आला की तोंडही घेऊन येई. कुन्झेस व्रत म्हणून रोज मूठभर सत्तू पडवीतल्या उंदरांना टाकी, त्यावरून त्याने तिला छेडलं. तारा कुरतडून त्यांनी उपकार फेडले असतील म्हणाला. बॉनेट उघडलं तर एकही तार तुटलेली नव्हती.

“पोट भरलेला कशाला कुरतडेल?” ती हळूच म्हणाली.

प्रत्येक काम झालं की ती खिडकीपाशी जाऊन नोरफेलना सांगे. तेल पाहिलं हं, आबा-ले. बॅटरी लावली हं. मुलं लहान होती तेव्हापासून तीही मुलांसारखंच त्यांना आबा-ले, म्हणजे बाबा, म्हणे. कुन्झेसला थोरली बहीण मानणाऱ्या मुटुपला ते बघवेना.

“आचे-ले, पालथ्या घड्यावर पाणी ओततेस. त्याला आता काय कळतंय?”

नोरफेल तिथेच होते, ऐकत.

गाडीत बसून तिने गियर मोकळा केला, हॅन्डब्रेक ओढला. किल्ली घातली, तोच खिडकीच्या फळीवर ठकठक झाली. नोरफेल डाव्या हाताने ठोकत होते. चहा हवा असेल, असं म्हणून मुटुपने हसत त्यांची लाकडी वाटी लोण्याच्या चहाने भरली. त्यांनी ती तशीच उपडी केली. चहा घोंगडीवरून ओघळला.

“बघ,” मुटुप म्हणाला. “तू आटप, मी पुसतो.”

कुन्झेसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुन्हा किल्लीला हात लावला. नोरफेलनी रिकामी वाटी उचलली आणि पुन्हा पालथी आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा पालथी. नजर तिच्यावर नव्हतीच, गाडीच्या नाकावर होती.

पालथी वाटी. देव्हाऱ्यातली वाटी संध्याकाळी रिकामी केली की पालथी ठेवायची. रिकामी वाटी देवापुढे उताणी ठेवत नाहीत. आणि तिला आठवलं, लोसरची साफसफाई करताना गाडीच्या स्टेअरिंगपुढे देव्हाऱ्यातलीच एक पितळी वाटी अशी पालथी सापडली होती. नटबोल्ट ठेवायला देवाची वाटी नेली म्हणून ती मनातल्या मनात त्यांच्यावर रागावली होती. घासून, पुसून तिने ती जागेवर ठेवली आणि रोज भरत राहिली.

किल्ली काढून ती खाली उतरली. रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत काडी घातली. कोरडी ठाक. गोठून इंजिन फुटू नये म्हणून नोरफेलनी थंडीआधीच सगळं पाणी काढलं होतं आणि खूण म्हणून वाटी पालथी ठेवली होती. दारावर लिहायची त्यांना गरजच वाटली नसेल. तशीच गाडी चालवली असती तर घाट चढायच्या आतच इंजिन जळून गेलं असतं.

तिने आणून दिलेलं पाणी मुटुप किटलीने ओतत राहिला. पाचव्या किटलीला पाणी काठाशी आलं. त्याने झाकण लावलं आणि खिडकीकडे न बघता म्हणाला, “आचो-ले, चुकलो दादा.”

कुन्झेसने चोक ओढला, किल्ली फिरवली, सोडली, थोडं थांबून पुन्हा फिरवली. तिसऱ्या खेपेला गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. ती घरघरत राहू देऊन कुन्झेस वर आली आणि नोरफेलसमोर बसली. सहा महिने ती रोज देवाजवळ एकच मागत होती, आत कुणीतरी असू दे.

“पाणी भरलं, आबा-ले,” ती म्हणाली.

नोरफेलनी डाव्या हाताने वाटी उताणी केली आणि तिच्यापुढे सरकवली.