शेंदराचं टोपण

रवळू मेस्त्रीला त्या आठवड्यात मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या जन्मात कुणाला घातल्या नसतील. आणि शिव्या द्यायला मी काय मागं सरणारा गडी न्हाय. निपाणीच्या टॅक्सी स्टँडवर कृष्णाताशी बोलायच्या आधी माणसं एकमेकाला इचारत्यात, आज कसा हाय? राग माझ्या नाकावरच असतोय, आणि नाक काय खिशात ठेवता येत न्हाय.

एकोणऐंशी सालचा दसरा. माझी अँबेसिडर खंडेनवमीपर्यंत गुणाचं लेकरू हुती. नवमीला तिची पूजा झाली आणि दसऱ्यापासनं तिनं रंग दावाय सुरुवात केली. गावात फिरवली तर काय न्हाय. जरा लांबचा पल्ला घेतला की आचके द्यायची आणि गप बसायची. थोडं थांबलं की परत चालू. सदलग्याचं भाडं घेऊन गेलतो, वाटेत दोनदा बसली. भाडं खाली उतरलं, मला हात जोडले आणि एस्टीला हात केला.

रवळूनं बॉनेट उघडलं. कार्बोरेटर खोलून बघितला तर आत कोरडा. म्हणजे टाकीतलं पेट्रोल पुढं येतच न्हवतं. मग त्यानं पेट्रोल भरलेली बाटली बॉनेटखाली टांगली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. तवंदीपर्यंत जाऊन आलो, गाडी कुठं अडखळली न्हाय.

"इंजिन बरं, कार्बोरेटर बरा. मग राहिला कोण? पेट्रोलचा पंप," रवळू म्हणाला. मला पटलं. कोल्हापुरातनं नवा पंप आणला, त्यानं बसवला, गावात फिरवून दिली.

एरवी मी एवढी घाई केली नसती. पण सोमवारी माझ्या बहिणीला, अंजनाला, बेळगावात मुलींच्या शाळेत हजर व्हायचं हुतं. आईसंगं विड्या वळत वळत पोरीनं मास्तरकीची परीक्षा दिली हुती. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारं पहिलं माणूस. बाराच्या आत हजर न्हाय झाली तर जागा दुसरीला जाणार हुती. अंजना म्हणाली एस्टीनं जाते. मी म्हटलं, घरात गाडी असताना मास्तरीण एस्टीनं जाती काय?

आई बी निघाली. तिचं नाव बाळाबाई. पोरगी आता बेळगावाजवळ येळ्ळूरला मालुमावशीकडं राहणार, हे तिला रुचलंच न्हवतं. भाकरी बांधताना सुद्धा म्हणत हुती, "विड्या वळून काय मरत हुतो काय आपण?"

तवंदीचा घाट चढताना गाडी बसली.

नवा पंप, आणि ही तऱ्हा. मी रवळूच्या सात पिढ्या काढल्या. पंपावर ओलं फडकं टाकलं. काटा बिघडलेला, म्हणून टाकीचं टोपण उघडून काठी घातली तर पेट्रोल भरपूर. टोपण लावलं, चावी फिरवली, चालू. म्हटलं, पंप तापत असंल, फडक्यानं काम केलं.

"गाडी नको म्हणती बघ," आई मागनं म्हणाली. "परत फिरू या."

संकेश्वर सोडलं आणि परत बसली. परत फडकं, परत काठी, परत चालू. आईचा आवाज आता चढला हुता. अंजनानं मांडीवरची नवी पिशवी दोन्ही हातांनी धरली हुती. आरशात ते बघून मी गाडी आणखी दामटली.

वंटमुरीचा घाट जवळ आला आणि गाडी तिसऱ्यांदा बसली. अकरा वाजून गेलते. आई खाली उतरली आणि रस्त्याकडंच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसली.

"देवानं तीनदा सांगितलं. मी आता पुढं येत न्हाय, आणि पोरीला बी पाठवत न्हाय."

मी पाना घेतला आणि पंप खोलाय निघालो. तवर अंजना उतरून आली.

"अण्णा, पंपाला हात लावू नको. आधी टोपण उघड."

"पेट्रोल हाय की टाकीत, कितींदा बघू?"

"पेट्रोल बघू नको. मी मागं बसले हुते. तू टोपण उघडलंस की दोन्ही वेळा आत वारा वढल्यागत आवाज आला. त्याच्यानंतरच गाडी चालू झाली."

"मास्तरीण शाळेत हो, हितं नको," मी म्हटलं. पण तिचं तोंड बघून गेलो. कान लावून टोपण हळू फिरवलं. टाकीनं असा लांब श्वास वढला की मी मागं सरकलो. टोपण उताणं केलं, पालथं केलं. वरच्या अंगाला तेलात कालवलेल्या शेंदराचा थर, वाळून दगड झालेला. टोपणाला टाचणी जाईल एवढं भोक असतंय, पेट्रोल सरंल तसा टाकीत वारा जायला. त्या भोकाचा पत्ताच न्हवता.

"एक टोक बंद करून विडी वढून बघ की," अंजना म्हणाली. "धूर येईल काय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही कोल्हापूर गाठलं, पंप बदलला, आणि भूत बसलं हुतं पाठीमागं टोपणावर.

"हे कुणाचं काम?" मी वरडलो.

"माझं," आई दगडावरनंच म्हणाली, जरा ताठ्यातच. "खंडेनवमीला समद्या गाडीला शेंदराची बोटं लावली. टोपणाला भोक दिसलं. म्हटलं पोरगी ह्याच गाडीनं परगावी जाणार, उघड्या भोकातनं काय बाय आत शिरायचं. म्हणून चांगला दाबून भरला."

माझं डोस्कं फिरणारच हुतं, पण अंजना आईपुढं जाऊन उकिडवी बसली.

"म्हणजे देव काय नको म्हणत न्हवता, आई. तूच म्हणत हुतीस."

आईनं पोरीकडं बघितलं, टोपणाकडं बघितलं, आणि तिच्या तोंडाला पदर गेला. मला वाटलं रडती. तर ती हसत हुती. असं हसली की दगडावरनं घसरली. मग अंजना हसली, आणि मी, कृष्णात, भर हायवेवर पोट धरून हसलो.

मी भोक मोकळं करायला टाचणी मागितली, तर आईनं टोपणच हिसकावलं. "देवाचा शेंदूर हाय. त्यात टाचणी खुपसशील तर हात मोडंल तुझा."

आता हिच्याशी भांडायला वेळ कुणाला हुता? आईनंच भाकरीचं फडकं सोडलं, भाकऱ्या मांडीवर घेतल्या आणि फडकं टाकीच्या तोंडावर सैल बांधलं. टोपण पदरात गुंडाळलं. वंटमुरीचा घाट गाडी एका दमात चढली. काकती कधी गेलं कळलं न्हाय.

बाराच्या आत शाळेत शिरलो. मोठ्या बाईंनी आईच्या पदराकडं बघून इचारलं, "हे काय आणलंय?"

"गाडीचं टोपण," आई म्हणाली.

"आणि गाडीला?"

"भाकरीचं फडकं."

बाई कपाळाला हात लावून हसत बसल्या आणि त्या हसण्यातच अंजनानं सही केली. मला लई भरून आलं. मी बाहेर येऊन उगंच चाकांना लाथा घातल्या.

परतताना आई म्होरं बसली. संकेश्वरपर्यंत रडली, मग भाकरी खाल्ली. निपाणीत नवं टोपण घेतलं. रवळूला भजी चारली, कारण चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिली हुती. जुना पंप त्यानं पुसून परत दिला. म्हणाला, "पुढच्या खंडेनवमीला मला आधी बोलीव."

जुनं टोपण आईनं देव्हाऱ्यात ठेवलं. पुढच्या नवमीला अंजना सुट्टीला आली हुती. आईनं नव्या टोपणाच्या कडंला एकच बोट लावलं. मग अंजनाच्या पदराची टाचणी काढून घेतली आणि भोकात घालून बघितली.

सुट्टी सरली त्या सकाळी अंजना अंथरुणातनंच म्हणाली, "आई, आणखी एक दिवस राहू काय?"

आईनं भाकऱ्या आधीच बांधल्या हुत्या.

"किस्ना, गाडी काढ," ती म्हणाली. "शाळेतल्या पोरी वाट बघत असतील हिची." आणि पदरानं डोळं पुसत गाडीत जाऊन बसली ती आमच्या दोघांच्या आधी.