बरी आहे

कंपालाच्या इस्पितळात सहा वर्षांच्या किसाक्येच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. भूल उतरली आणि औषधांची गाडी ढकलत सिस्टर आल्या.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे. तुमच्या घरची मंडळी बरी आहेत ना?"

मोठ्यांनी विचारलं की असंच म्हणायचं, हे आई नाकिमेराने चापट्या मारून शिकवलं होतं. शिकवणी भलतीच यशस्वी झाली. सिस्टर खूश होऊन, दुखण्यावरचं इंजेक्शन न देताच पुढे निघाल्या.

"अहो, खोटं बोलतेय ती!" खाटेजवळ बसलेली नाकिमेरा ओरडली. "किसाक्ये, ओरड! शिव्या घाल यांना!"

"मारशील," किसाक्ये पुटपुटली.

नाकिमेराने गाडीचं चाकच कवटाळलं आणि हंबरडा फोडला.

"बाई, दुखतंय कुणाला?"

"तिलाच हो! तिची मूठ तरी उघडून बघा!"

सिस्टरांनी मूठ उघडली. तळव्यात नखं रुतली होती. त्यांनी इंजेक्शन भरलं.