जाळीखालच्या बारा खुर्च्या

बावीस वर्षं सर्कशीत झोक्याला उलटं लटकून आत्याला कशाचंच नवल वाटेनासं झालंय, असं लोक म्हणायचे. साफ खोटं! त्या सकाळी तंबूचा पडदा सारून ती आत शिरली आणि "अगंबाई!" म्हणत जागच्या जागी उभी राहिली.

काल जिथं भुसा होता, तिथं पाऊल रुतेल असा जाड गालिचा होता. हवा गार, तिला कसला तरी मंद सुवास. आणि रिंगणाच्या मधोमध, झोक्याच्या जाळीखाली, निळ्या मखमलीच्या बारा खुर्च्या.

"बसा ना आत्या," मालकांची सूनबाई म्हणाली. हा सगळा घाट तिचाच.

आत्या चपला काढून बिचकत बसली. सूनबाईनं बटण दाबलं तशी खुर्ची मागं मागं जात चक्क आडवी झाली. आत्याच्या थेट डोळ्यांसमोर तंबूचा कळस आला, आणि खाली लोंबणारे दोन इवलेसे झोके.

"एवढं उंच आहे?" तिनं विचारलं.

"हेच तर विकतोय आपण! लोकांना घरबसल्या सगळं दिसतं आता. पण असं आडवं पडून, डोक्यावर माणूस उडताना बघायला घरी कुठं मिळणार? बाराही खुर्च्या कधीच गेल्या." सूनबाईनं खुर्चीची मखमल झटकली. "फक्त एक करा. हाताला ती पांढरी पूड आजपासून बंद. पाहुण्यांच्या तोंडावर पडेल."

आत्या ताडकन उठायला गेली, पण त्या मखमलीतून उठता येईल तर शपथ. मग आडव्यानंच भांडली. "तोंडावरची पूड पुसता येते, सूनबाई! घामानं माझा हात निसटला तर?"

"जाळी आहे ना."

"चिमणीचा बाप जाळीतच पडला होता. जाळीला काही झालं नाही. मान मोडली."

चिमणी म्हणजे तिच्या त्याच भावाची लेक, एकोणीस वर्षांची. एका झोक्यावरून ती उडी घेई, हवेत दोन कोलांट्या मारी, आणि समोरच्या झोक्याला गुडघ्यांवर लटकलेली आत्या तिला झेली. सूनबाईचा चेहरा पडला. पण तेवढ्यात म्हातारे मालक पुढं आले. या माणसानं उभ्या जन्मात कुणापुढं हात जोडले नव्हते, ते त्यांनी जोडले. "आत्या, वर्षभर रिकाम्या बाकांना खेळ दाखवतोय. आज हे पाहुणे नाराज झाले तर तंबू कायमचा उतरवावा लागेल. चाळीस माणसं कुठं जातील?"

इकडे आड, तिकडे विहीर. आत्यानं मनगटांना कोरड्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि हो म्हटलं. कमरेला पुडीची पुरचुंडी मात्र खोचलीच. सवय, दुसरं काय!

दुपारी चारला खेळ सुरू झाला. पाहुणे खुर्च्यांवर आडवे झाले. एक पाहुणा आलाच नव्हता, म्हणून बाराव्या खुर्चीवर सूनबाईच पडली. बँड वाजायला लागला. आत्या वर उलटी लटकली, तिनं हात पुढं केले. समोरून चिमणी झुलत आली.

आणि तशीच परत गेली.

दुसरा झोका. तिसरा. तिसऱ्याला ती सुटायचीच, पण पोरगी दांडी सोडेना. ढोल बडवणाऱ्यानं तेच पुन्हा बडवलं. "ये!" आत्या ओरडली, पण त्या गोंगाटात कुणाला ऐकू जातंय! सातवा झोका झाला तेव्हा चिमणीचे दंड थरथरताना दिसले. हिला झालंय तरी काय?

मग आत्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाळी! पूड लावली की ती दोनदा टाळी वाजवायची, जास्तीची झटकायला. दिव्यात पांढरा ढग उठायचा. तो ढग दिसला की चिमणी सुटायची. ढग म्हणजे आत्या तयार. हे दोघी कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, म्हणून बंदी आली तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिनं नुसत्याच टाळ्या वाजवल्या. ढग कुठला उठायला! चिमणी वाट बघत परत गेली.

खाली बारा जणांची तोंडं वर होती आणि मालकांचा तंबू त्यांच्या भरवशावर उभा होता. आत्यानं एकच क्षण विचार केला. मसणात गेला तंबू! कमरेची पुरचुंडी ओढली, दातांनी फोडली, तळव्यांवर रिकामी केली आणि सगळा जीव एकवटून टाळ्या वाजवल्या. एक. दोन.

ढग उठला. चिमणी सुटली.

एक कोलांटी, दुसरी, आणि सटकन तिची मनगटं आत्याच्या हातात आली. आत्यानं ती अशी आवळली की पोरगी कळवळली.

बँड थांबला. टाळ्या नाहीत, काही नाही. झालं, आत्याला वाटलं, बुडाला धंदा. घाबरत घाबरत तिनं खाली पाहिलं.

बावीस वर्षं प्रेक्षक म्हणजे तिच्या लेखी काळोख होता, लांबून येणारा नुसता आवाज. आज पहिल्यांदा चेहरे दिसले. बारा चेहरे, पीठ चाळल्यासारखे पांढरे, आणि एकाचाही हात पुसायला उठला नव्हता. एक आजोबा आ वासून बघत होते, लहान मुलासारखे. एका बाईनं शेजारच्या अनोळखी माणसाचा हात घट्ट धरला होता आणि तिला त्याचं भानही नव्हतं. सूनबाई तर ढसाढसा रडत होती, गालांवरच्या पुडीत ओघळ पडले होते. हे आपण करतो? आत्याच्या मनात आलं. हे रोज होत होतं? तिचेही डोळे भरून आले, आणि उलटी असल्यामुळं पाणी कपाळावरून केसांत गेलं.

"आत्या, सोड की आता!" खाली लोंबकळणारी चिमणी कुजबुजली. "संपला खेळ. हात दुखतायत माझे."

"थांब गं बाई," आत्या म्हणाली. "जरा बघू दे मला."