कप्तानाची म्हातारी पोरगी

लग्न झाल्यापासून आदिनाथ मनीषाच्या मागे लागला होता, की एकदा ते पुस्तक वाच. परतूरच्या बाजारात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. वाचन म्हणावं तर पेपरचं. पण कॉलेजात असताना, जालन्याच्या होस्टेलवर वाचलेली एक विज्ञान कादंबरी त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. परदेशातली, जुनी, जगभर नावाजलेली आणि मराठीत आलेली. यंदा एका पुस्तक प्रदर्शनात ती त्याला पुन्हा दिसली आणि त्यानं सरळ आणून बायकोच्या हातात ठेवली.

घरात खरी वाचणारी मनीषाच. तिनं हौसेनं सुरुवात केली आणि पहिल्याच प्रकरणात अडकली. यानातल्या माणसांची नावं जिभेवर बसेनात. दोघांची नावं तर इतकी सारखी, की मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात बोलायला लागला तेव्हा तिला कळलं, मेला तो दुसराच. यंत्रांची वर्णनं पानंच्या पानं. एवढी माणसं वर्षानुवर्षं एका यानात कोंडलेली, पण कुणी कुणावर चिडत नाही. एक बाई होती, डॉक्टर. ती आली की मनीषा सावरून बसायची, आणि ती कप्तानाला औषध देऊन निघून जायची.

त्यात आदिनाथचा तगादा. दुपारी जेवायला आला की पहिला प्रश्न तोच.

"कुठवर आली?"

"बर्फाच्या ग्रहावर उतरून राह्यलेत."

"आजून उतरूनच राह्यलेत? मंग खरी मजा पुढंच हे."

"पुढं पुढं म्हणता म्हणता अर्धं पुस्तक सरलं. तुम्ही जेवा."

एकदा जेवतानाच त्याच्या तोंडून गेलं, "शेवटी कप्तान घरी येतो ना, तव्हा इकडं यानापेक्षा कितीतरी जास्त वर्षं सरलेली असतात, त्याची पोरगी पार म्हातारी झालेली असती. तीच दार उघडती. मी लई रडल्तो."

मनीषानं भाताचा चमचा पातेल्यात टाकला. खडे चावल्यासारखं एवढं वाचत आणलं, आणि शेवट यानं वरण कालवता कालवता सांगून टाकला.

"वाचू द्यायचं नव्हतं तर आणलं कशाला?" ती म्हणाली, आणि पुस्तक कपाटावर फेकून दिलं.

पण अर्धवट सोडलेलं पुस्तक तिला टोचत राहिलं. घनसावंगीला माहेरी जाताना तिनं ते पिशवीत टाकलं. एकदाचं संपवायचं आणि पुन्हा हा विषय घरात काढू द्यायचा नाही. बसमध्ये बसून ती शेवटच्या पानावर पोचली आणि थबकली. कप्तान यानाच्या खिडकीतून पृथ्वी बघतो, खाली आपल्याला ओळखणारं कुणी उरलं नसेल असं म्हणतो आणि यान माघारी वळवतो. पोरगी नाही, दार नाही. तिनं पानं मागेपुढे चाळली. एकही सुटलं नव्हतं.

घरी परत आल्यावर तिनं ते पान त्याच्यासमोर धरलं. "कुठं हे पोरगी?"

आदिनाथनं उभ्यानंच वाचलं. पुन्हा वाचलं. "ही वेगळी आवृत्ती आसल."

"मराठीत एकच आवृत्ती हे. पोरगी पहिल्या प्रकरणात हे, लहानशी. पुन्हा येतच न्हाई."

"कडी काढल्याचा आवाज सुद्धा लिवल्याला होता," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला. "वडील गेले तव्हा मी होस्टेलवरच होतो. गावी पोचलो, तोवर सगळं आटोपल्तं. त्याच महिन्यात वाचत होतो हे."

बसमध्ये मनीषानं सगळ्या तक्रारी मनात घोळवून आणल्या होत्या. आता त्यातली एकही तोंडातून निघेना, आणि निघत नाही म्हणून तिला आणखीच राग आला. एवढं वाचून वर गप्प बसायचं.

"तुला कसं वाटलं, ते सांगितलंच न्हाईस," तो म्हणाला.

"आता काय सांगू?"

"खरं सांग."

"न्हाई आवडलं. बिलकुल न्हाई."

त्यानं दुसरं स्टूल पुढे ओढलं. "का?"

ती बसली आणि नावांपासून सुरुवात केली. यंत्रांच्या पानांवरून तो तिच्याशी चांगलाच भांडला. डॉक्टरबाईचं मात्र त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं.