न उघडलेलं जहाज

“उघडलंच नाही तर जोडायचं कसं?” पडद्याच्या पलीकडे आमचे हे खोक्यावर कुरकुरत होते. “मी स्वतः उघडलेलंच जोडतो. ही काय रीत झाली?”

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. खोकं भिवंडीहून आमच्या नवेदने पाठवलेलं. ह्यांच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, बोटांना बारीक काम द्या. तर पोराने दिलं सुटे तुकडे जोडून करायचं, दुसऱ्या महायुद्धातलं विमानवाहू जहाज! करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना तुकडे लटकलेले, विमानं नखाएवढी. जव्हारला समुद्र नाही, ह्यांच्या उजव्या हाताला ताकद नाही आणि मला इंग्रजी नाही. तयारी अशी जय्यत.

ह्यांचं घड्याळाचं दुकान. घड्याळ उघडताना एकेक पुर्जा डबीच्या झाकणात ओळीने ठेवायचा आणि जोडताना उलट्या ओळीने उचलायचा. इथे ओळच नव्हती. काही दिवस खोक्याशी अबोला. मग आमच्या मुलीला हाक मारली.

“आसमा, जोडणीचा हा इंग्रजी कागद शेवटून वाच. शेवटी काय लावलंय?”

“विमानं, अब्बा.”

“काढली. त्याच्या आधी?”

“डोलकाठी.”

“काढली. पुढे?”

असं आख्खं जहाज ह्यांनी डोळे मिटून उघडलं. मग तुकडे झाकणांत मांडले नि म्हणाले, “आता झालं आपलं.”

जोडायला मात्र डावा हात. पहिलं विमान अंगठ्यालाच चिकटलं.

“अब्बा, चुकीच्या जहाजावर उतरलं!” आसमा म्हणाली, आणि हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. त्या विमानाचे उपकार मी कुठे फेडू?

मग चिमटा माझ्याकडे आला. “तेवढं एक लाव. हात बरा होईपर्यंत.”

“होईलच की,” आम्ही दोघी म्हणालो. घरात हे वाक्य मिठासारखं झालं होतं, सगळ्यात पडायचं.

“दाबू नकोस गं. चिमट्याला नुसतं सांग.”

“ऐकत नाही तुमचा चिमटा.”

“माझंही आधी ऐकत नव्हता.”

इतकी वर्षं दुकान बाजारात आणि मी घरात. ह्यांचं काम इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं. बारीक तुकडा नीट बसला की हे श्वास सोडायचे. मीही सोडायला लागले.

शेवटचं विमान बसलं त्या दिवशी कान्हा आला. दाभोसा गावाला जाणारी जीप चालवतो.

“इदरीसभाई, घड्याळ बंद पडलंय. गाडी सोडायची वेळ आता पॅसिंजर सांगतात मला. दुकान कवा उघडताय?”

“ईद झाली की,” मी सवयीने म्हणाले.

ह्यांनी घड्याळ डाव्या हाताने घेतलं, कानाशी धरलं, आणि माझ्यापुढे ठेवलं.

“घे.”

“मी? अहो, तुमचा हात बरा झाला की...”

“हा हात आता परत येत नाही, बिलकीस. उद्यापासून दुकानात तू बस.”