एकदाच मिळवायचा तास

नोलवेनने सासूबाईंना बेटाच्या पायथ्याशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडी वाटेलगतच्या खडकावर बसवलं आणि ती एकटीच वर चढली. बिचाऱ्या ओदेतबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्याने अधू. सारा जन्म लिमोजकडच्या गाईगुरांत गेलेला. समुद्र त्यांनी कालच पहिल्यांदा पाहिला आणि पाहताक्षणी त्यांना तो आवडला नाही. येताना त्या सारख्या विचारत होत्या, हे पाणी परत कधी येतं?

"अहो आई, मी इथलीच, सां-मालोची. भरती-ओहोटी मला नका शिकवू," नोलवेन हसून म्हणाली होती. "अजून तासभर आहे. मला उशीर झालाच तर तुम्ही हळूहळू पुढे निघा. मी गाठते तुम्हाला."

सासरी इतकी वर्षं काढली, तरी माहेरचा तोरा काही गेला नव्हता. वर गवतात बसून तिने समोरचा गावाचा तट मनसोक्त पाहिला, लोणी घातलेली बिस्किटं खाल्ली. मग उठून खाली पाहिलं. वाट मधोमध पाण्याखाली गेली होती.

सकाळी हॉटेलच्या दारावर तिने भरतीची वेळ पाहिली होती आणि वडिलांनी लावलेल्या सवयीने त्यात एक तास मिळवला होता. भरतीचं कोष्टक हिवाळ्याच्या घड्याळावर चालतं, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात म्हणून त्यात तास मिळवायचा, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पण हल्ली हॉटेलवाले पाहुण्यांसाठी तो तास आधीच मिळवून लावतात. हे तिला आत्ता सुचलं. शहाणपण नडलं होतं.

ती धावत, घसरत खाली आली. खडकावर कुणी नव्हतं. सासूबाईंचा निळा रुमाल पाण्यावर तरंगत लांब चालला होता.

"आई!" वाऱ्याने हाक तोंडातच परतवली. तटावरची माणसं हात हलवून तिला मागे हो म्हणत होती. वाट बुडाली की बेटावरच थांबायचं, पाण्यात उतरायचं नाही. आडवी ओढ माणसाला नेते. कालच जेवताना तिने हे सासूबाईंना ऐटीत सांगितलं होतं. तरी ती उतरली. पाणी गुडघ्यांना लागलं, पायाखालचा दगड सुटायला लागला. आईला सांभाळ हं, असं नवरा निघताना म्हणाला होता. आता त्याला काय सांगायचं, या विचाराने तिला रडू फुटलं.

"बाहेर ये आधी."

ती वळली. वरच्या मोठ्या दगडाच्या आडोशाला ओदेतबाई बसल्या होत्या. कमरेपर्यंत भिजलेल्या, दातांवर दात आपटत होते.

नोलवेन कशीबशी त्यांच्यापर्यंत पोचली. "कुठे होता तुम्ही?"

"तू म्हणालीस तशी निघाले होते. पार निम्म्यावर गेले. पुढे घोट्याएवढंच पाणी होतं."

"मग जायचं ना पुढे! गावात पोचला असता."

"अगं, पण तू वर होतीस. पाणी चढतंय हे तुला कोण सांगणार? म्हणून मागे फिरले. मागे मात्र पाणी फार वाढलं होतं. इथवर आले आणि गुडघाच राहिला. हाका मारल्या तुला."

नोलवेनने अंगातला कोट काढून त्यांच्याभोवती गुंडाळला, त्यांचे गारठलेले पाय मांडीवर घेऊन चोळत राहिली. खाली पाण्याने त्यांचा मघाचा खडक गिळला होता.

"इथवर येईल का गं ते?" ओदेतबाईंनी हळूच विचारलं.

या खेपेला नोलवेन हसली नाही. "माझा हात धरा, आई," ती म्हणाली. "आपण आणखी वर जाऊ."