वाटाड्याच्या घरचा घडा

मी एक जुना पाण्याचा घडा आहे, बालमित्रांनो. मातीचा नव्हे की तांब्याचा नव्हे. एका बाईने ओल्या फांद्या सोलून मला विणलं आणि पाइनच्या झाडाची तापलेली राळ आतून-बाहेरून फासून पाणबंद केलं. आज मी अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या बाल्कनीत असतो. माझ्यात सध्या एक झाडू आणि काचा पुसायचं वायपर आहे. तुम्हाला वाटेल, जुनी वस्तू आहे, काहीतरी हळवं सांगेल. मला राग आलेला आहे, मित्रांनो, आणि तो मी गिळणार नाही.

मला विणणारी बाई अपाची होती. अमेरिकेतल्या रखरखीत डोंगरांत तिचे लोक राहत. तिचं नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, अशी तिच्या लोकांची रीत. आणि तिच्या इतक्या रीती इतरांनी मोडल्या की निदान मी तरी ही पाळावी. ती मला पट्ट्याने पाठीला बांधून झऱ्यावर नेई. घोड्यावरून पडलो तरी मी फुटत नसे. माझ्यातल्या पाण्याला राळेचा वास येई. तिच्या लहान मुलीला तो इतका आवडे की तहान नसतानाही ती येऊन माझ्या तोंडाला तोंड लावी. माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि मला ते पुरे होतं.

बाईचा नवरा वाटाड्या होता. गोऱ्या सैनिकांकडे तोफा होत्या, पण डोंगर त्यांना वाचता येत नसे. पाणी कुठल्या कपारीत आहे, खुराचा ठसा ताजा की शिळा, त्यांना काही कळत नसे. म्हणून त्यांनी अपाचींनाच नोकरीला ठेवलं आणि शरण न येणाऱ्या अपाचींच्या मागावर धाडलं.

"ते आपलेच आहेत," बाई एकदा चुलीपाशी त्याला म्हणाली.

"म्हणूनच हे लवकर संपायला हवं," तो म्हणाला. "ते लढत राहिले तर आपणही मरू. हे मिटलं की आपल्याला आपल्या डोंगरात सुखाने राहू देतील. साहेबाने शब्द दिलाय."

त्याचं बरोबर होतं की चूक, मला ठरवता येत नाही. घोड्याला लटकून मीही त्याच्याबरोबर हिंडलो. थकून झोपला की तो झोपेत आपल्याच लोकांची माफी मागे.

शेवटी १८८६ साली शेवटची टोळी शरण आली. मूठभर पुरुष, काही बायका, काही पोरं. आणि त्यांच्या मागे हजारोंची फौज! पुस्तकांत इथे लिहिलेलं असतं, 'अपाचींचा सशस्त्र प्रतिकार संपुष्टात आला.' पुढे पूर्णविराम. मला त्या पूर्णविरामाचा फार संताप येतो. कारण आमच्या घरावर कुऱ्हाड पडली ती त्याच्या पुढे.

त्याच दिवसांत लष्करी ठाण्यावर सगळ्यांना मोजणीसाठी बोलावलं. मोजणी नेहमीचीच, म्हणून वाटाड्या आपला फौजेचा कोट झटकून, ताठ मानेने गेला. मोजणी झाली आणि भोवती बंदुका उभ्या राहिल्या. जे कधी लढलेच नव्हते, मका पिकवून गुपचूप राहत होते, तेही कैदी. आणि वाटाडेही कैदी!

"मी तर तुमच्या बाजूने होतो," वाटाड्या म्हणाला.

दुभाष्याने ते सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

बंद खिडक्यांच्या आगगाडीतून त्यांना फ्लोरिडाला नेलं. दमट हवा, डास, समुद्राकाठचा दगडी किल्ला. सुटीच्या दिवशी लोक छत्र्या घेऊन त्यांना बघायला येत. मोठ्या मुलांना दूरच्या शाळेत धाडलं, त्यांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली. आमची मुलगी तिथून खोकत परत आली. तेव्हा बाईने मला किल्ला बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुणीच्या हाती दिलं आणि बदल्यात लोकरीची घोंगडी घेतली. मला त्या बाईचा राग नाही. मीही तेच केलं असतं. मुलीला ती घोंगडी फार दिवस लागली नाही, असं पुढे कानावर आलं.

ते लोक सत्तावीस वर्षं युद्धकैदी राहिले. कैदेत जन्मलेली तान्ही बाळंसुद्धा युद्धकैदी! कोणतं युद्ध केलं होतं हो त्या बाळांनी?

त्या पाहुणीच्या घराण्यात मी पिढ्यान्‌पिढ्या शोभेची वस्तू झालो. तिचा एक वंशज इथे अबू धाबीत इंजिनिअर म्हणून आला आणि परत जाताना सामान वाटून टाकू लागला, तेव्हा शेजारच्या विभावरीने मला उचललं. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती, 'इंडियन बास्केट'.

"अय्या, आपलंच की! आसामचं असेल," ती नवऱ्याला म्हणाली.

सुजीतने मोबाईलवर शोधून पाहिलं. "अगं, तो रेड इंडियनवाला इंडियन."

"मग तर बेस्ट! आपल्या अर्शच्या बर्थडेला काउबॉय थीम करू."

झालं. टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये केकशेजारी मला मांडलं आणि माझ्यात प्लास्टिकचे बाण खोचले. सुजीतच्या ऑफिसातले राजाभाऊ मोठी हॅट घालून, छातीला काउबॉय सिनेमातल्या फौजदारासारखी चांदणी लावून आले. इथल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमात मुलांचे खेळ तेच घेतात.

"हे सोल्जर्स, हे रेड इंडियन्स," त्यांनी मुलांना सांगितलं. "इंडियन्सनी लपायचं. सगळे पकडले की गेम खलास!"

फ्रिजच्या खोक्याला काळ्या पट्ट्या मारून तुरुंग केला होता. इंडियन झालेल्या मुलांच्या डोक्याला पिसं बांधली. मुलं अशी लपली की सोल्जर्सना एकही सापडेना. तेव्हा लपायला जागाच न मिळालेल्या, आठव्या मजल्यावरच्या दियाला राजाभाऊंनी धरलं. ती सात वर्षांची, अर्शची जिवलग मैत्रीण, तिच्याही डोक्याला पीस.

"हबीबी, कुठे लपलेत सांग ना. मग तू आमच्या टीममध्ये. तुला जेल नाही. प्रॉमिस!"

दियाने विचार केला. मग तिने पडदा दाखवला, सोफा दाखवला, आणि शेवटी केकच्या टेबलाखालचा अर्शही दाखवला.

"आता सगळे फेदरवाले आत! यल्ला, चला चला!" राजाभाऊ ओरडले आणि त्यांनी दियालाही खोक्यात ढकललं.

"अंकल, आय हेल्प्ड यू! आय वॉज ऑन युअर साइड!"

"डोक्याला फेदर आहे ना? मग आत!"

सगळे मोठे हसले. माझ्या अंगातली काडी न् काडी ताठ झाली.

"यू प्रॉमिस्ड! दॅट्स चीटिंग!" दिया किंचाळली. तिने पीस उपटून फेकलं आणि तुरुंगाला अशा लाथा घातल्या की भिंत फाटून खोकं टेबलावर आदळलं. मी खाली पडलो. माझी जुनी राळ तडकली. तडकू दे! इतक्या वर्षांत 'चीटिंग' हा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी तोंडावर फेकला होता.

खोक्यातून बाहेर आलेला अर्श तिच्याकडे बघेना. "यू टोल्ड ऑन मी," एवढंच म्हणून तो मुलांत निघून गेला. आता दिया एकटी उभी होती. ना इकडची, ना तिकडची.

तिची आई अनुराधा लगबगीने आली. "दिया! मोठ्यांशी असं बोलतात? से सॉरी टू अंकल."

"जाऊ द्या हो, लहान आहे," राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे चॉकलेट धरलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. तो मोजणीवरचा अधिकारीही आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरत असेल.

दियाने चॉकलेट घेतलं नाही. पण आईने दंड दाबला, तेव्हा ती जमिनीकडे बघून "सॉरी" म्हणाली. मग टाळ्या वाजल्या आणि केक कापला.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. माझ्यात खुशाल झाडू ठेवा. पण तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही कुणाला शब्द द्याल, आणि कधीतरी तो मोडाल. तेव्हा एखादं पोर पाय आपटून तुम्हाला लबाड म्हणालं, तर हसू नका, खाऊ देऊ नका, आणि त्याचा दंड दाबू नका. सॉरी कुणी म्हणायचं, ते आधी बघा.